अधिकाराची तारीख आणि जबाबदारीची तारीख

३० जून २०२४ ची मध्यरात्र उलटली आणि भारतीय दंड संहितेचा १६२ वर्षांचा अंमल संपुष्टात आला. तिच्याबरोबरच १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा अधिनियम हे दोन कायदेही निवृत्त झाले, आणि त्यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे आले. ग्वाल्हेर येथे रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी मोटारसायकलच्या चोरीची फिर्याद नव्या कायद्याखाली नोंदली गेली; हीच देशातील पहिली नोंद होय, असे केंद्रीय गृहमंत्र्यांनी त्या दिवशी सांगितले. तत्पूर्वी वृत्तपत्रांनी पहिलेपणाचा मान दुसऱ्याच एका नोंदीला देऊन टाकला होता. ती नवी दिल्ली रेल्वे स्थानकाजवळ रस्त्यात अडथळा केल्याबद्दल एका फेरीवाल्याविरुद्ध होती, आणि पुढे ती निकालात काढण्यात आली. नव्या कायद्याची ओळख प्रथम कोणाला होते, याचा अंदाज बांधण्यास एवढी हकीकत पुरेशी आहे.

कायदा ‘झाला’ आणि कायदा ‘लागू झाला’ या दोन गोष्टी सामान्य बोलण्यात एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या दोहोंमध्ये पुष्कळ अंतर असते. संसदेने विधेयक संमत केले, राष्ट्रपतींची त्यावर स्वाक्षरी झाली, म्हणजे कायदा झाला. परंतु बहुतेक कायद्यांच्या पहिल्याच कलमात असे म्हटलेले असते की, सरकार राजपत्रात जी तारीख जाहीर करील त्या तारखेपासून हा कायदा अंमलात येईल, आणि निरनिराळ्या तरतुदींसाठी निरनिराळ्या तारखा ठरविता येतील. या तीन कायद्यांना राष्ट्रपतींची संमती २५ डिसेंबर २०२३ रोजी मिळाली; अंमल मात्र सहा महिन्यांनी सुरू झाला. त्यातही न्याय संहितेच्या कलम १०६ चे दुसरे पोटकलम बाजूला ठेवण्यात आले. बेदरकारपणे वाहन चालवून मनुष्याचा मृत्यू घडविणारा व वर्दी न देता पळून जाणारा चालक या पोटकलमान्वये दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेस पात्र होणार होता. जानेवारी २०२४ च्या आरंभी मालमोटारींच्या चालकांनी त्याविरुद्ध संप पुकारला, आणि १ जुलैला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम छापील पानावरच राहिले.

असे टप्पे पाडणे ही काही नवी क्लृप्ती नव्हे. ज्या दंड संहितेची जागा आता नव्या संहितेने घेतली, ती स्वतःही १८६० साली संमत झाली होती; तिच्या अंमलासाठी १ मे १८६१ ही तारीख ठरली होती, आणि ती पुढे ढकलून १ जानेवारी १८६२ करावी लागली. नवा कायदा शिकण्यास न्यायाधीशाला वेळ लागतो, तसा तो हवालदारालाही लागतो. ज्या अंमलदाराने खुनाला ‘तीनशे दोन’ आणि फसवणुकीला ‘चारशे वीस’ म्हणत पंचवीस वर्षे नोकरी केली, त्याला एका सकाळी खुनाचे कलम १०३ आणि फसवणुकीचे कलम ३१८ झाल्याचे सांगण्यात आले. बाजारात मात्र ‘चारसोबीस’ हा शब्द आणखी कित्येक पिढ्या टिकेल. शिवाय १ जुलैपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच दंड संहिता लागू राहते आणि तेव्हा चालू असलेले खटले जुन्याच प्रक्रियेने चालतात. त्यामुळे दंडाधिकाऱ्याच्या मेजावर दोन्ही पुस्तके बरीच वर्षे शेजारी शेजारी राहणार आहेत.

येथपर्यंतचा भाग सोयी-गैरसोयीचा झाला. नागरिकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. पोलिसांना अधिकार देणारी कलमे आणि त्या अधिकाराचा हिशेब मागणारी कलमे ही एकाच दिवशी खऱ्या अर्थाने लागू होतात काय?

नागरिक सुरक्षा संहितेने पोलिसांच्या हाती जे दिले, ते त्याच रात्री दिले. जुन्या कायद्याच्या प्रचलित अर्थाप्रमाणे पोलीस कोठडी ही अटकेनंतरच्या पहिल्या पंधरा दिवसांतच मिळू शकत असे. आता ते पंधरा दिवस तुकड्यातुकड्यांनी, गुन्ह्याच्या स्वरूपानुसार पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत केव्हाही मागता येतात. आरोपीला बेड्या घालणे ही अपवादात्मक गोष्ट असून तिची कारणे लिहून ठेवली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली प्रेम शंकर शुक्ल यांच्या प्रकरणात बजावले होते. नव्या कलम ४३ मध्ये बेड्यांच्या वापरास योग्य अशा गुन्ह्यांची यादीच घातली आहे. कलम १७२ अन्वये पोलिसाच्या कायदेशीर आदेशास विरोध करणाऱ्या व्यक्तीस तो तेथून हटवू शकतो वा अडकवून ठेवू शकतो. किरकोळ बाब असल्यास चोवीस तासांच्या आत तिला सोडून द्यावयाचे.

याच संहितेने पोलिसांवर बंधनेही घातली आहेत, आणि ती क्षुल्लक नाहीत. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील किंवा दुर्बल व्यक्तीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून अटक करता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात साहाय्यक फौजदाराहून कमी दर्जाचा नसेल असा एक अधिकारी नेमून, अटक झालेल्यांची नावे, पत्ते व गुन्ह्याचे स्वरूप दर्शनी भागी लावावे लागते. झडती आणि जप्तीचे दृक्श्राव्य चित्रण करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवावयाचे आहे. तपास कोठवर आला, हे फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला नव्वद दिवसांच्या आत कळवावयाचे आहे. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे, असेही कलम १७६ सांगते; पण त्यापुढेच असे शब्द आहेत की, ही सक्ती राज्य सरकार पाच वर्षांच्या आत जी तारीख अधिसूचित करील त्या तारखेपासून सुरू होईल. ज्या राज्यात प्रयोगशाळेची सोय नसेल त्याने तोवर दुसऱ्या राज्याची सोय वापरावी.

या पाच वर्षांबद्दल कायदा करणाऱ्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. रसायनतज्ज्ञ अधिसूचनेने निर्माण होत नाहीत, आणि प्रयोगशाळेच्या इमारतीला राजपत्राचा पाया चालत नाही. परंतु या एका कलमात या विषयाचे मर्म उघडे पडते. अधिकार वापरण्यास एक गणवेशधारी मनुष्य पुरतो, आणि तो मनुष्य आधीपासूनच ठाण्यात बसलेला असतो. उलटपक्षी, हिशेब घेण्यास कॅमेरा लागतो, कारकून लागतो, प्रयोगशाळा लागते, निवृत्त न्यायाधीश लागतो, त्याला कार्यालय व शिपाई लागतो, आणि या सर्वांसाठी अंदाजपत्रकात रक्कम लागते. म्हणून अधिकार तारखेला येतो आणि जबाबदारी हप्त्यांनी येते.

यात संविधानाच्या रचनेचाही भाग आहे. गुन्हे आणि त्यांची न्यायप्रक्रिया हे विषय समवर्ती सूचीत असल्यामुळे संसद त्यांबाबत साऱ्या देशासाठी एका रात्रीत बदल करू शकते. ‘पोलीस’ हा विषय मात्र राज्यसूचीत आहे. अटक कोणत्या कलमाखाली करावी हे दिल्लीत ठरते. परंतु चुकीची अटक करणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी कोणी करावी, त्याची बदली कोणी आणि केव्हा करावी, हे प्रत्येक राज्याने आपापल्या सवडीने ठरवावयाचे असते.

ही सवड किती लांबते, याचा इतिहास पाहण्याजोगा आहे. २६ ऑगस्ट १९८६ रोजी पश्चिम बंगालमधील विधी साहाय्य संस्थेचे कार्याध्यक्ष डी. के. बसू यांनी, कोठडीत होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्यांकडे लक्ष वेधणारे एक पत्र सरन्यायाधीशांना लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले. निकाल १८ डिसेंबर १९९६ रोजी लागला. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी असावी. अटकेची तारीख व वेळ लिहिलेला कागद तयार करून त्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यावी. नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावे. कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. चौकशीच्या काळात वकिलाला भेटू द्यावे. अशा स्वरूपाच्या अकरा सूचना न्यायालयाने दिल्या, आणि त्या न पाळणाऱ्यावर खात्यामार्फत कारवाई होईल व तो न्यायालयाच्या अवमानासही पात्र ठरेल, असे बजावले.

या सूचनांपैकी मुख्य त्या कायद्याच्या पुस्तकात येण्यास आणखी बारा वर्षे लागली. डिसेंबर २००८ मध्ये संसदेने फौजदारी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती केली. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसाने अटकेची गरज काय ते लिहून ठेवावे, गरज नसेल तर नुसती हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे त्या दुरुस्तीने ठरविले. पुढे घडले ते मोठे बोधप्रद आहे. अटकेवर मर्यादा आणणाऱ्या आणि तहकुब्यांना आळा घालणाऱ्या तरतुदींविरुद्ध खुद्द वकिलांनीच ठिकठिकाणी आंदोलन केले. सरकारने ३१ डिसेंबर २००९ रोजी दुरुस्तीचा बराचसा भाग लागू केला, पण नेमकी तीच कलमे मागे ठेवली. फेरदुरुस्ती होऊन ती अखेर नोव्हेंबर २०१० मध्ये अंमलात आली. बसूंच्या पत्रापासून मोजले तर चोवीस वर्षे लोटली होती.

तरीही अंमलात येणे म्हणजे पाळले जाणे नव्हे. २ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत आपोआप अटक करू नये, कारणांची तपासणी-सूची भरून ती दंडाधिकाऱ्यापुढे ठेवावी, आणि दंडाधिकाऱ्यानेही डोळे मिटून कोठडी मंजूर करू नये. हेच नोटिशीचे कलम आज नव्या संहितेत कलम ३५ म्हणून आले आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की, ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठविणे म्हणजे ती बजावणे नव्हे.

दुसरी कथा याहूनही मोठी आहे. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल दिले. ते दप्तरी पडून राहिले, तेव्हा प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पोलिसांचा हिशेब मागावा ही मागणी घेऊन जाणारा मनुष्य स्वतः पोलिसांचा प्रमुख असावा, ही गोष्ट या खात्याबद्दल सरसकट वाईट बोलणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांत ठाणे प्रमुखाला व जिल्हा अधीक्षकाला किमान दोन वर्षे एका जागी राहू द्यावे, तपासाचे काम आणि बंदोबस्ताचे काम वेगळे करावे, राज्य व जिल्हा या दोन्ही पातळ्यांवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापावीत, हे प्रमुख होते. तपास व बंदोबस्त यांची फारकत एकदम होणार नाही हे ओळखून न्यायालयाने स्वतःच टप्पे पाडले होते: आधी दहा लाख वा अधिक वस्तीची शहरे, मग लहान शहरे. तक्रार प्राधिकरणांना मात्र टप्पे नव्हते. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार यांपासून ते वर्दीच्या जोरावर घर वा जमीन बळकावण्यापर्यंतच्या तक्रारी या प्राधिकरणांनी ऐकावयाच्या होत्या, आणि त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक राहावयाच्या होत्या.

न्यायालयाने दिलेली मुदत अवघ्या काही महिन्यांची होती. महाराष्ट्राने आपल्या पोलीस अधिनियमात तशी दुरुस्ती २०१४ साली केली, म्हणजे निर्देशानंतर आठव्या वर्षी. त्या दुरुस्तीत राज्य पातळीवरील प्राधिकरण आले. पण जिल्ह्यांच्या ऐवजी विभागीय प्राधिकरणे योजली गेली. कागदावर हा फरक लहान दिसतो. परंतु गडचिरोलीच्या दुर्गम गावातील तक्रारदाराला जिल्ह्याचे ठिकाणही दूर असते. विभागाचे ठिकाण म्हणजे नागपूर! जबाबदारीचा मार्ग किती लांबीचा असावा, हाही जबाबदारीचाच प्रश्न आहे.

मग पहिल्या दिवसापासून लागू होणारी अशी जबाबदारी असतच नाही काय? असते, आणि तिचे उत्तम उदाहरण परकीय राजवटीतलेच आहे. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला, तेथून १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम २५ मध्ये गेला, आणि आज तो साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कोठडीत मारहाण करून कबुली काढली जाते, हे तेव्हाच्या सरकारला ठाऊक होते. त्यासाठी त्याने नवी चौकशी कचेरी उघडली नाही. मारहाणीचे फळच काढून घेतले. या नियमाला एक पैसा खर्च आला नाही आणि एकाही नेमणुकीची वाट पाहावी लागली नाही. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग पुराव्यात येतो, ही फट त्यात आहे खरी. निवेदन पंचनाम्यांची जी रेलचेल खटल्यांत दिसते ती या फटीतूनच येते. तरीही १६० वर्षांहून अधिक काळ या नियमाने जे काम केले, ते पुष्कळशा प्रशस्त इमारतींत बसलेल्या समित्यांनी केले नसेल.

चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करण्याचा नियम याच जातीचा आहे. दोषारोपपत्र साठ किंवा नव्वद दिवसांत आले नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, हा नियमही तसाच. चूक करणाऱ्याला त्याच खटल्यात, त्याच न्यायालयात, ताबडतोब काहीतरी गमवावे लागते. म्हणून ते पाळले जातात. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या मालिकेत आणखी एका नियमाची भर घातली. अटकेची कारणे कळविण्याचे बंधन संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्ये १९५० पासूनच आहे. ती कारणे लेखी, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, मग गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो, असे आता न्यायालयाने ठरविले. ताबडतोब लेखी देणे अशक्य असेल तर तोंडी सांगावे, पण दंडाधिकाऱ्यापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हाती पडलाच पाहिजे. न पडल्यास अटक व कोठडी दोन्ही बेकायदेशीर ठरतात. सुरत, इंदूर, हैदराबाद वा बंगळूर येथे पोटापाण्यासाठी गेलेल्या मराठी माणसाला, आणि मुंबई-पुण्यात राबणाऱ्या बिहारी वा ओडिया मजुराला, या ‘समजेल अशा भाषेत’ शब्दांचे मोल सांगावयास नको.

आता या कसोटीवर झडतीच्या चित्रणाचे नवे कलम १०५ घासून पाहावे. चित्रण करावे, शक्यतो मोबाइल फोनने करावे, दंडाधिकाऱ्याकडे पाठवावे, एवढे कलम सांगते. ते केले नाही तर काय, हे सांगत नाही. फोन कोणाचा, सरकारी की हवालदाराचा घरचा, हेही सांगत नाही. चित्रण थेट साठविण्यासाठी ‘ई-साक्ष्य’ नावाची व्यवस्था तयार झाली आहे, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण चित्रण नसलेल्या जप्तीचे वजन किती धरावयाचे, हे न्यायालये एकेका खटल्यातून ठरवीत जातील आणि त्याला वर्षे लागतील. पोलीस ठाण्यांतील कॅमेऱ्यांचा अनुभव येथे ताजा आहे. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवावेत, कोठडी, आवार, प्रवेशद्वार काहीही सुटू नये, चित्रण अठरा महिने जपावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी दिला होता. राजस्थानात काही महिन्यांत कोठडीत अकरा मृत्यू झाल्याची बातमी वाचून सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घ्यावी लागली. बंद कॅमेरा कोणाच्याही खटल्याला अपाय करीत नाही. मग तो दुरुस्त करण्याची घाई कोणाला असावी?

हवालदाराची बाजूही येथे मांडली पाहिजे. सणावाराला बंदोबस्त, रात्री गस्त, दिवसा न्यायालयात हजेरी, आणि मधल्या वेळात तपास, अशा माणसाला चित्रण, ते पाठविण्याची नोंद, नव्वद दिवसांचे पत्र आणि नावांचा फलक ही कामे वाढवून दिली आहेत. न्यायालयाने सांगितलेली तपास व बंदोबस्ताची फारकत झाली असती, तर ही नवी कामे करावयास माणूस मोकळा असता. एक टप्पा रेंगाळला की पुढचा टप्पा त्याच्यावर अडखळतो.

घटनास्थळी तज्ज्ञ पाठविण्याच्या सक्तीची पाच वर्षांची मुदत स्थूलमानाने २०२९ च्या मध्यास संपते. ती तारीख प्रत्येक राज्याने वेगळी जाहीर करावयाची असल्यामुळे ती राजपत्रांत शोधावी लागेल. नव्वद दिवसांच्या पत्राचे तसे नाही. ते १ जुलै २०२४ पासूनच देणे लागते, आणि ज्याने फिर्याद दिली आहे त्याने एक्क्याण्णवाव्या दिवशी ठाण्यात जाऊन आपल्या फिर्यादीचे पुढे काय झाले, असे विचारण्यास कोणत्याही अधिसूचनेची आवश्यकता नाही.